बुळबुळीतला धागा

पहाटे ४.४५

आज माघ शुद्ध द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावर पोरासोरांनाही येतं. द्वितीयेची पाऊणपट दीड. दीडला भरती, त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सव्वासातला ओहोटी. पण हा हिशेब मुंबईचा. देवगडच्या बाजूला पाणी थोडं आधी हलतं, म्हणून मी साडेसहा धरते. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेत, उधाणाची ओहोटी आहे. भांगाच्या दिवसांत जे खडप पाण्याखालीच राहतं ते आज तासभर उघडं पडेल, आणि मला हवं असलेलं शेवाळ तिथेच वाढतं.

पिशवी रात्रीच भरून ठेवलेली असते. चिकटपट्टीच्या पिशव्या, बोथट चाकू, डोक्याला बांधायची बॅटरी, बर्फाचा डबा, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई खाऱ्या पाण्यात पसरते. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं मात्र भिजून वाळलं तरी वाचता येतं.

६.०५, कुणकेश्वर

देवळात घंटा वाजतेय आणि खडपावर माझ्याआधी कालवं काढणाऱ्या बायका पोचल्यात. अंधारात त्यांच्या कोयत्यांचा टकटक आवाज तेवढा येतो. त्यातल्या एक काकी गेली तीन वर्षं मला बघतायत. आजही त्यांनी विचारलंच, "ह्येचा नाव कळला काय गो तुका?"

"नाय काकी, अजून."

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, नाव मला येत नाही असं नाही. उल्व्हा आहे, हे कुणीही सांगेल. पोपटी, कागदासारखं पातळ, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसणारं. पण कोणतं उल्व्हा, ते डोळ्यांनी सांगता येत नाही. याचं पातं अवघ्या दोन पेशींच्या जाडीचं असतं. पाण्याचा खारेपणा बदलला, भोवतीचे जिवाणू बदलले, की त्याचा आकार बदलतो. एकच जात कुठे पसरट पात्यासारखी वाढते, तर कुठे आतड्यासारखी पोकळ नळी होते. लिनियसने १७५३ साली पाती आणि नळ्या दोन्हींना उल्व्हाच म्हटलं होतं. पुढे नळ्यांसाठी एंटेरोमॉर्फा ही वेगळी प्रजाती झाली, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती पाठ केली, मीही केली. २००३ साली डीएनएचा पुरावा पुढे आला आणि नळ्या पुन्हा उल्व्हात गेल्या. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरची शेवाळं डॅनिश शास्त्रज्ञ ब्योर्गेसेन यांनी १९३०च्या दशकात बारकाईनं अभ्यासली. त्यांच्या चित्रांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक होता, डीएनए नव्हता. त्या काळी आकारावरून ठेवलेलं प्रत्येक नाव आज पुन्हा एकदा तपासून घ्यावं लागतं. माझं काम हे एवढंच आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. किनाऱ्यावर काय वाढतं हे नीट माहीत नसेल, तर उद्या तिथून काय नाहीसं झालं हेही कळणार नाही.

६.३०

पाणी पूर्ण उतरलंय. वरच्या टप्प्यावर उल्व्हा, त्याखाली डबक्यांमधून पॅडिनाचे पंखे, त्यांच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. अगदी खालच्या काठाला सार्गॅसम. तपकिरी, झुडपासारखं, वाटाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांनी लगडलेलं. भरतीत हेच फुगे त्याला उभं धरतात. आत्ता ते कातळावर आडवं पडलंय.

सार्गॅसम हातात घेतलं की आधी जाणवते ती बुळबुळ. बोटांमधून निसटतं, पिळलं तरी चिकट राहतं. ही बुळबुळ म्हणजे त्याचं चिलखत. ओहोटीत ऊन-वारा लागला तरी आतलं पाणी धरून ठेवायचं, लाटेनं पिळवटलं तरी तुटायचं नाही, यासाठी पेशींच्या भिंतींत शर्करांच्या लांबलचक साखळ्या विणलेल्या असतात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट आणि फ्युकॉइडन, हिरव्या उल्व्हात उल्व्हान, तांबड्यांत अगार किंवा कॅराजिनन. समुद्रात त्याला जगवणारी ही बुळबुळ प्रयोगशाळेत दिवसभर माझ्या वाटेत उभी असते.

मी फक्त कोवळे शेंडे घेते. तिथे पेशी नव्या असतात, डीएनए भरपूर, चिकटपणा कमी, वर वाढलेले परके जीवही कमी. कातळाला धरून ठेवणारा खालचा गड्डा कधीच काढायचा नाही. तो राहिला तर झाड पुन्हा फुटतं. प्रत्येक झाडाचे तीन वाटे: एक दाबून वाळवायला, एक सिलिका जेलमध्ये, एक बर्फात. पिशवीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक, शेजारी जागेची खूण आणि पाण्याची पातळी. पावणेआठला पाणी परत चढायला लागलं.

८.५०, प्रयोगशाळा

धुणं. या कामाला कुणी नावाजत नाही, पण माझ्या मते पुढचं सगळं यावरच उभं असतं.

आधी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यानं धुवायचं. गोड्या पाण्यात एकदम टाकलं तर पेशी फुगून फुटतात. मऊ ब्रशनं एकेक फांदी घासायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ वाटलेल्या फांदीवर केवढी वस्ती असते! पानांच्या बगलेत मोहरीएवढ्या गोगलगायी, काडीसारखे डायटम, ब्रायोझोआंची जाळी, केसासारखी दुसरीच शेवाळं. चिमट्यानं एकेक काढायचं. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यातून झटकन एकदा बुडवून काढायचं आणि टिपकागदावर ठेवायचं.

पहिल्या वर्षी मी इथे घाई केली होती. सार्गॅसम म्हणून पाठवलेल्या एका नळीतल्या डीएनएचा क्रम आला तो भलत्याच, केसाएवढ्या तपकिरी शेवाळाचा. झाडाच्या अंगावर ते वाढलं होतं आणि मी दोघांनाही एकत्र वाटलं होतं. चाचणी करणाऱ्यांची काही चूक नव्हती, त्यांनी मी पाठवलं तेच वाचलं. तीन महिने मी त्या क्रमावर तर्क लढवत बसले होते. तेव्हापासून धुण्याचा दीड तास मी कुणासाठी कमी करत नाही.

धुतलेले शेंडे सिलिका जेलच्या डब्यात गेले. नारिंगी मणी ओल शोषून हिरवे झाले की बदलायचे. डीएनए तोडणारी विकरं ओलाव्यावर काम करतात. पाणी झपाट्यानं काढून घेतलं की ती थांबतात आणि नमुना महिनोन्‌महिने टिकतो. उन्हात वाळवलं तर हे साधत नाही. वाळायला फार वेळ जातो, आणि तेवढ्यात विकरं डीएनएचे तुकडे पाडतात.

१०.३०

वाटायला घेतलं ते आजचं नव्हे, पौर्णिमेच्या ओहोटीला आणून वाळवलेलं. सहा झाडं, प्रत्येकाच्या दोन नळ्या: १ ते ६ उल्व्हा, ७ ते १२ सार्गॅसम. तेरावी नळी रिकामी. तिच्यात शेवाळ नाही, बाकी सगळी रसायनं इतरांसारखीच. संध्याकाळी तेराव्या नळीत काही दिसलं, तर आमची रसायनं किंवा आमचे हात अशुद्ध आहेत असं समजायचं.

मोठ्या संस्थांमध्ये द्रवरूप नायट्रोजन ओतून वाटतात. उणे १९६ अंशांना पातं काचेसारखं ठिसूळ होतं. आमच्या भागात हा नायट्रोजन नियमित येतो तो गुरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवायला. तिथून थर्मासभर मागून आणायची सोय आहे, पण सिलिकात कडक वाळलेल्या पात्याला त्याची गरज पडत नाही. चिनीमातीच्या लहान खलात चिमूटभर निर्जंतुक वाळू घालून कोरडंच घोटायचं. उल्व्हा दोन मिनिटांत हिरव्या पिठासारखं होतं. सार्गॅसमला हात भरून येतो. माझ्याबरोबरची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी मधेच विचारते, "मॅडम, एवढं बारीक पुरे ना?" बोटांत चोळून बघायचं. रवाळ लागलं तर पुरे नाही.

११.१५

आता सीटॅब. ही कृती मुळात जमिनीवरच्या झाडांच्या पानांसाठी. डॉयल आणि डॉयल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली. शेवाळावर काम करणारा प्रत्येक जण तिच्यात आपापल्या पाण्याप्रमाणे फेरफार करतो. आमच्या द्रावणात सीटॅब दोन टक्के. तो एक प्रकारचा साबण आहे, पेशींचे पापुद्रे फोडतो. मीठ १.४ मोलर, समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त खारट. एवढ्या मिठात सीटॅब प्रथिनांना आणि बऱ्याचशा शर्करांना धरतो, डीएनए मात्र पाण्यात मोकळा राहतो. मीठ कमी पडलं तर डीएनएही सीटॅबबरोबर खाली बसेल. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतो. मॅग्नेशियमशिवाय डीएनए कापणारी विकरं लुळी पडतात. पीव्हीपी आहे तो सार्गॅसमसाठी. तपकिरी शेवाळात टॅनिनसारखी द्रव्यं असतात. कापलेलं सफरचंद जसं तपकिरी पडतं तशी ती हवेत काळवंडतात आणि डीएनएला कायमची चिकटतात. पीव्हीपी त्यांना आधीच पकडतो.

शेवटी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल, तेही त्याच काळवंडण्याला आवर घालायला. त्याचा वास कुजकट, घशात बसणारा. धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच बाटली उघडायची, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. हे मी दरवेळी मोठ्यानं म्हणते. विद्यार्थिनीला पाठ झालंय, तरी म्हणते.

नळ्या ६५ अंशांच्या पाण्यात, एक तास. दर दहा मिनिटांनी हळूच उलट्यासुलट्या करायच्या. जोरात हलवायच्या नाहीत, कारण पेशीतून बाहेर आलेला डीएनए आता लांब धाग्यासारखा आहे आणि झटक्यानं तुटतो.

१२.३०

क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १. मिसळून दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज. बाहेर काढलं की नळीत तीन थर: तळाशी गडद हिरवा क्लोरोफॉर्म, सगळी रंगद्रव्यं पोटात घेऊन बसलेला, मधे पांढरी चकती, ती प्रथिनं, वर फिकट पाणी. डीएनए त्या वरच्या पाण्यात. पिपेटच्या टिपेचं टोक कात्रीनं कापून तोंड रुंद करायचं, म्हणजे धागा आत ओढताना तुटत नाही. चकतीला स्पर्श न करता वरचं पाणी उचलायचं. थोडं मागे राहिलं तरी चालेल, पण चकतीचा कण बरोबर येता कामा नये.

उल्व्हाच्या नळ्यांत पाणी पाण्यासारखं वर येतं. सार्गॅसमचं तारेसारखं ओढलं जातं, पेजेवरच्या निवळीसारखं दाट. आठ आणि नऊ नंबरला तर टिपेतून थेंब सुटेचना. क्लोरोफॉर्मची दुसरी धुलाई सगळ्यांना, आठ-नऊला तिसरी.

१.४५

आयसोप्रोपॅनॉल घालून नळ्या उणे २० अंशांत ठेवल्या, हात साबणानं दोनदा धुतले आणि मगच डबा उघडला. कुळथाची पिठी नि भात. प्रयोगशाळेत पाण्याची बाटलीसुद्धा आणायची नाही हा आमच्याकडचा नियम. व्हरांड्यात बसून जेवलो. प्रयोगशाळेतल्या मामांनी सकाळच्या दाबलेल्या नमुन्यांचे टिपकागद तोवर बदलून ठेवले होते. सांगावं लागलं नाही.

२.२०

दिवसातला हा क्षण मला कधीच जुना होत नाही. नळी उजेडाकडे धरायची आणि सावकाश तिरकी करायची. पाणी आणि अल्कोहोल जिथे मिसळतात तिथे आधी विरघळत्या साखरेसारखी लहर दिसते, मग त्या लहरीतून पांढरे तंतू सुटतात, एकमेकांभोवती गुंडाळत जातात आणि सावरीच्या कापसाचा चिमुकला गुंता होऊन तरंगतात. तीन नंबरच्या नळीत आज ते लख्ख दिसलं. खडपावर हातातून निसटणाऱ्या पोपटी पात्याचा हा आतला मजकूर. विद्यार्थिनीनं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं. नळी तिच्या हातात दिली, ती बराच वेळ काही बोलली नाही.

नऊ नंबरमध्ये मात्र तंतू नव्हते, दुधी गोळा होता, साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यासारखा. हीच ती बुळबुळ. शर्करांच्या या साखळ्याही लांब, त्यांच्यावरही डीएनएसारखाच ऋण भार, त्याही पाण्यात विरघळतात आणि अल्कोहोलमध्ये खाली बसतात. दोघांचे गुण इतके जुळतात की एकाला हाक मारली तर दोघेही येतात. फरक एकाच ठिकाणी आहे. मीठ खूप वाढवलं तर अल्कोहोलमध्येही शर्करा बऱ्याच अंशी विरघळलेल्या राहतात, आणि डीएनए तेवढा खाली उतरतो. म्हणून सात ते बारा या नळ्या पुन्हा विरघळवल्या, मिठाचं तीव्र द्रावण घातलं आणि थंड इथेनॉलनं डीएनए पुन्हा उतरवला. तास गेला. सात, दहा, अकरा, बारा सुधारल्या, आठ बरी झाली, नऊचा गोळा लहान झाला पण गेला नाही.

४.००

सत्तर टक्के इथेनॉलनं दोन धुलाया, मीठ निघून जावं म्हणून. मग नळ्या उघड्या ठेवून वाळवायच्या. इथे नजर लागते. ओलसर ठेवल्या तर अल्कोहोल पुढच्या कामात आडवं येतं, कडकडीत वाळल्या तर डीएनए विरघळत नाही. कडेचा शेवटचा थेंब उडाला की लगेच टीई द्रावण घालायचं. मग आरएनए खाणारं विकर, ३७ अंशांना अर्धा तास.

४.५०

नॅनोड्रॉप. एक मायक्रोलिटर थेंब पुरतो. यंत्र त्यातून प्रकाश सोडतं आणि किती शोषला गेला ते सांगतं. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं तर प्रथिनं गेली. मी आधी बघते ते २६० ला २३० चं. ते दोनच्या खाली घसरलं की शर्करा किंवा टॅनिनसारखी द्रव्यं अजून आत आहेत. तीन नंबर: १.८४ आणि २.०६. बारा नंबर: १.७९ आणि १.६. नऊ नंबर: १.५८ आणि ०.७. तेरावी नळी शून्याला लागून. तेराव्या नळीचा आकडा वहीत लिहिताना मला सगळ्यात बरं वाटलं.

५.१५

अगारोजचा एक ग्रॅम, शंभर मिलिलिटर द्रावण, मायक्रोवेव्हमध्ये उकळी. साच्यात ओतून कंगवा लावला आणि गोठायला ठेवलं. विद्यार्थिनीला विचारलं, "हे अगारोज कशापासून बनतं?" तिला माहीत नव्हतं. अगारोज म्हणजे शुद्ध केलेला अगार, आणि अगार जेलिडियम, ग्रॅसिलेरिया अशा तांबड्या शेवाळांचा. दिवसभर जी बुळबुळ आम्ही नळीतून हुसकून लावत होतो, तिच्याच चुलत्याच्या जेलमध्ये आता आमचा डीएनए चालणार होता. अगार प्रयोगशाळेत आणला तो फॅनी हेस यांनी. जिवाणूशास्त्रज्ञ कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या त्या पत्नी. जिलेटिनवर जिवाणू वाढवले की उन्हाळ्यात ते वितळायचं. स्वयंपाकघरात मुरंबे-जेली घट्ट करायला त्या अगार वापरत, तो घेऊन बघा असं त्यांनी १८८१ साली सुचवलं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवाणू अगारवर वाढतात.

जेलच्या खाचांमध्ये नमुने भरले, शंभर व्होल्ट, पाऊण तास. डीएनए ऋण भाराचा, धन टोकाकडे सरकतो. दिव्याखाली धरल्यावर एक ते सहा: वरच्या बाजूला एकेक ठसठशीत पट्टी, म्हणजे धागे लांब, अखंड. सात, दहा, अकरा, बारा: पट्टी आहे, खाली थोडी धूसर शेपटी. आठमध्ये पट्टी फिकी. नऊमध्ये उजेड खाचेतच अडकलेला, पुढे सरकलाच नाही. शर्करांनी डीएनएला घट्ट धरून ठेवलं होतं.

६.४५

पीसीआर लावला. उल्व्हासाठी टफए जनुक, सार्गॅसमसाठी आयटीएस-२ चा तुकडा. सार्गॅसमचे नमुने दहापट विरळ केले. डीएनए कमी होतो पण त्याच्याबरोबर अडथळेही विरळ होतात, आणि पीसीआरला डीएनए अगदी थोडा पुरतो. नऊ नंबर शंभरपट विरळ करून पाहिला. त्याच्याकडून मला फार आशा नाही. तेरावी नळीही लावली. पस्तीस फेऱ्या: ९४ अंशांना पदर उलगडतात, मग थंड करून प्रायमर चिकटवायचे, ७२ ला नवा पदर विणला जातो. यंत्राचं झाकण लावलं. पट्ट्या उद्या सकाळी बघू. त्या नीट आल्या तर क्रम वाचायला नमुने बाहेर जातील.

गेल्या काही वर्षांत समुद्रशेवाळाच्या शेतीबद्दल आमच्याकडे विचारणा वाढली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या शेतीला स्थान मिळालं, तेव्हापासून बचतगटातल्या बायका येऊन विचारतात, आपल्या खडपावरचं लावता येईल का? त्यांना अंदाजानं उत्तर द्यायला मला जड जातं. दोरीवर बांधायचं बेणं कोणत्या जातीचं, आपलंच की बाहेरून आलेलं, हे आधी ठरायला हवं. एकदा किनाऱ्यावर मोकळं सुटलेलं परकं शेवाळ परत गोळा करता येत नाही.

७.३०

डीएनएच्या नळ्या फ्रीझरमध्ये. दाबलेल्या नमुन्यांचे कागद आणखी एकदा बदलले. सार्गॅसम आपल्या चिकटपणानं कागदाला स्वतःच धरतं, डिंक लागत नाही. उल्व्हाच्या पात्याखाली मात्र तलम कापड घालावं लागतं, नाहीतर वरच्या कागदाबरोबर ते सोलून येतं.

वहीत नऊ नंबरपुढे लिहिलं: पुन्हा आणणे. जुनं पान उलटून जागा पाहिली. खालचा काठ, मोठ्या फटीच्या उजवीकडे, सहाव्या झाडाशेजारी. तेव्हा मी मधली फांदी घेतली होती, शेंडा नव्हे, तसं तिथे लिहिलेलंही आहे. उद्या तृतीया. तिची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा. साडेपाचला निघालं तरी पोचता येईल.